हद्रा

गुदैबियात, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
दर गुरुवारी आम्ही सातजण जमतो
आणि एकमेकांना कोडी घालतो.
सगळ्यात कमी अक्षरांचा प्रोग्राम लिहील तो जिंकला.
त्याचा करक चहा बाकीच्यांच्या पैशांनी.

त्या आठवड्याची पाळी माझी.

मी हद्रा मांडला.
हद्रा म्हणजे उथळ समुद्रात दांडे रोवून केलेला सापळा,
भरतीला मासा आत येतो,
ओहोटीला पाणी निघून जातं, मासा राहतो.
कागदावर फुल्यांची भिंत, टिंबांचं पाणी,
आणि 'म' म्हणजे मासा.
सांगा, किती अडकले?
एवढंच. चार ओळी. वाटलं, काय आटोपशीर लिहिलंय.
माझं स्वतःचं उत्तर एकसष्ट अक्षरांचं,
रात्री दोनदा उठून पाहिलं मी ते,
बाळंतिणीनं पाळण्यात डोकवावं तसं.

दिलरुक्षीनं तिथल्या तिथे विचारलं,
"दोन फुल्या नुसत्या कोपऱ्याला कोपरा टेकून असतील
तर त्यांच्यामधून तिरपा निसटेल का मासा?"
मी हसलो. म्हणालो, "करा की विचार."
(ते हसू आठवलं की अजून
मी नळ सोडून तोंड धुतो.)

निसटत नव्हता.
हे मला माहीत होतं
आणि सहाव्या चाचणीला, जी मी कुणालाच दाखवली नव्हती.

पुढच्या गुरुवारी सहाच्या सहाजण तिथेच पडले.
हुसामचा प्रोग्राम अठ्ठावन्न अक्षरांचा,
माझ्याहून तीन कमी. तोही.
दोन रात्रींचं जागरण त्यानं माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं.
शाजी म्हणाला, "मुकादम, हे कोडं नव्हे,
तुझ्या पोटातलं ओळखायची परीक्षा आहे."
दिलरुक्षीनं लॅपटॉप मिटला, अगदी हळू,
झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार ओढून घ्यावं तसा.
चहा कुणीच मागवला नाही.

जिना उतरताना मी मनात सगळ्यांशी भांडत होतो.
एवढं तर कळायला हवं! भिंत ती भिंत!
शेवटच्या पायरीवर झैनब थांबली होती.
"माझ्या आजोबांचा हद्रा होता, सित्र्याला," म्हणाली.
"भरतीत बुडायचा, पण दांड्यांची टोकं वर ठेवायचे,
त्यांना लाल चिंध्या बांधायचे.
होडीवाल्यांना दिसावं म्हणून.
मासा फसला तर ठीक. माणूस का फसावा?"
आणि गाडीकडे निघून गेली,
उत्तराची वाटसुद्धा न बघता.

घरी एसीच्या घरघरीत बराच वेळ बसलो.
आखूडपणाची पैज उत्तराला होती.
मी प्रश्न कापत बसलो होतो.

मग लिहायला घेतलं.
मासा तिरपा जात नाही: स्वतंत्र ओळ.
कडेच्या टिंबावरचा मासा सुटलेला धरावा.
एकही मासा नसेल तर शून्य छापा, गप्प बसू नका.
तीन उदाहरणं, त्यातलं एक सहाव्या चाचणीचं, उघडं.
चाराच्या एकोणीस ओळी झाल्या.
देखणेपणा गेला. चिंध्या बांधल्यासारखं दिसत होतं खरं.

रात्री साडेअकराला कोल्ड स्टोरमध्ये
लबानचा डबा काउंटरवर ठेवला
आणि कुंजुमोनला म्हटलं, एक वाचून दाखवतो,
कुठे अडलं तर सांग.
कॉम्प्युटरशी त्याचा संबंध बारकोडपुरता.
हिशोबाची वही बोटाखाली धरून
त्यानं एकोणीसच्या एकोणीस ओळी ऐकल्या. मान हलवली.
मग म्हणाला,
"पण मोजायचे कधी, भरतीला की ओहोटीला?"

दाभोळच्या खाडीवर वाढलेला मी.

त्याच्याकडून पेन मागून घेतलं.
डबा घाम सोडत होता,
मागे एक पोरगा दहा फिल्सचं नाणं वाजवत उभा.
विसावी ओळ मी तिथेच लिहिली, पावतीच्या पाठीवर,
आणि कुंजुमोनला विचारलं,
"अजून काही?"